जवानाचा मातीचा नमुना एकदा जवानालाही दाखवा

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गावोगावी शहीद जवानांची स्मारकं उभी राहताहेत, याचा आनंदच आहे. पण पुतळा जवळून पाहिला की तोफखान्यात नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला कसंसंच होतं. रायफलीला मॅगझिन नाही, बूट बँडवाल्याचे, आणि छाती अशी फुगवलेली की गडी जणू आखाड्यात उतरलाय. पुतळ्याचा मातीचा नमुना कला संचालनालय मंजूर करतं आणि ते तुमच्या खात्यात येतं, म्हणून हे पत्र.

लंडनला हाइड पार्क कॉर्नरवर रॉयल आर्टिलरीचं, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याचं स्मारक आहे, 1925 सालचं. ते घडवणारा चार्ल्स सार्जंट जॅगर यॉर्कशायरमधल्या खाण व्यवस्थापकाचा मुलगा. चौदाव्या वर्षी शेफिल्डला धातूवर नक्षी कोरायच्या कामावर उमेदवारीला लागला. शिकत शिकत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टपर्यंत पोचला. 1914 मध्ये रोमला जाऊन शिकायची मानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. रोमला जायचं सोडून पठ्ठ्या फौजेत भरती झाला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत गोळी खाल्ली, 1918 मध्ये पश्चिम आघाडीवर पुन्हा जखमी झाला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

एवढं सोसलेल्या माणसाने स्मारकावर काय ठेवावं? मधोमध 9.2 इंची हॉवित्झर तोफ, अख्खी दगडात. भोवती ब्राँझचे गनर, म्हणजे तोफखान्याचे जवान. तिघे उभे आहेत, चौथा मेलेला. तोंडासकट अंगावर ओव्हरकोट ओढलेला, वर त्याचं हेल्मेट, खाली बूट तेवढे उघडे. लोकांना हे बघवेल का, अशी शंका निघाली होती. पहिल्या आराखड्यात नसलेला हा चौथा जॅगरनेच आग्रहाने आणला. 49,076 मेलेल्यांचं स्मारक आणि त्यात मेलेला कुणी दिसायलाच नको, हे त्याला पटणारं नव्हतं. मला विचाराल तर, अख्ख्या स्मारकात खरा तोफखाना त्या बुटांत आहे.

पॅडिंग्टन स्टेशनवरचा त्याचा रेल्वे कामगारांच्या स्मारकाचा शिपाईही पाहण्यासारखा. खांद्यावर ओव्हरकोट, गळ्यात घरी विणलेला मफलर, हातात घरून आलेलं पत्र. ना जयघोष, ना उगारलेली मूठ.

हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. इंडिया गेटसमोरच्या छत्रीत पूर्वी उभा असलेला पंचम जॉर्ज त्याचाच (तो राजा तिथून हलवला हे बरंच झालं, पण कारागिरी कारागिरीच). सुएझजवळ पोर्ट तौफिकला हिंदी सैनिकांचं स्मारक होतं, त्याचं शिल्पकामही जॅगरचं. ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळपास 4,000 जणांची नावं त्यावर होती. पुढे इजिप्त-इस्रायल संघर्षात त्याची मोडतोड झाली, शेवटी ते पाडावं लागलं आणि नावं 1980 मध्ये कैरोजवळ हेलिओपोलिसच्या युद्ध दफनभूमीत गेली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्याच महायुद्धात 46 जवान गमावले. अशा जिल्ह्यात तरी स्मारक ठोकळेबाज नसावं.

2024 मध्ये मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळला, तेव्हा पोलाद, नटबोल्ट, वारा यांवर भरपूर बोलणं झालं. ते हवंच. पण पुतळा नुसता टिकून भागत नाही, तो खराही दिसायला हवा.

प्रत्येक शिल्पकाराने लढाईवर जाऊन यावं, असं कोण म्हणेल? माझं मागणं लहान आहे. जवानाच्या पुतळ्याचा नमुना तपासताना त्याच दलातला एक माजी सैनिक तिथे बोलवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नावं असतात. माती ओली आहे तोवर पट्टा, बूट, हत्याराची पकड तिथल्या तिथे सुधारता येते. एकदा फायबर किंवा ब्राँझ ओतलं की हात चोळत बसावं लागतं. परिपत्रक एका पानाचं होईल, आणि एसटीचं भाडं आमचं आम्ही घालू.

आपला,
तोफखान्यातला एक निवृत्त सुभेदार,
जि. सातारा