साथसंगतीची एक ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘लेटर टू यू’ या अल्बमवरील लेख वाचला. जुन्या वाद्यवृंदासह पुन्हा जमून केलेला अल्बम, असे कौतुक करणाऱ्या त्या लेखात एकाही वादकाचे नाव नव्हते, हे मनाला फार लागले. ‘ई स्ट्रीट बँड’ एवढाच उल्लेख होता, तोही ओझरता.

या बँडचा आणि स्प्रिंगस्टीन यांचा संबंध १९७२ पासूनचा. १९८९ मध्ये त्यांनी एकेकाला फोन करून आपण आता इतर वादकांबरोबर काम करणार असल्याचे कळवले, तेव्हा सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स ‘बीटल्स’चे ड्रमवादक रिंगो स्टार यांच्या दौऱ्यानिमित्त जपानमध्ये होते. सतरा वर्षांची सोबत अशी परमुलखात फोनवर संपते, तेव्हा त्या वादकाला काय वाटले असेल, याची कल्पना साथीला बसलेल्या कोणालाही करता येईल. तरीही १९९९ च्या दौऱ्यासाठी ते सारे परतले आणि २००२ मध्ये ‘द रायझिंग’ आला. संपूर्ण बँडसह केलेला १९८४ नंतरचा तो पहिला स्टुडिओ अल्बम होता. पुढे २००८ मध्ये ऑर्गनवादक डॅनी फेडेरिची आणि २०११ मध्ये स्वतः क्लेमन्स निवर्तले.

‘लेटर टू यू’च्या मुळाशीही एका साथीदाराचे जाणेच आहे. स्प्रिंगस्टीन यांच्या शाळकरी वयातील ‘कॅस्टाइल्स’ या बँडमधले सहकारी जॉर्ज थीस २०१८ मध्ये वारले आणि त्या बँडपैकी हयात असे स्प्रिंगस्टीन एकटेच उरले. त्यातून सुचलेली गाणी नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीतील घरच्या स्टुडिओत, आधी तालमीची ध्वनिमुद्रणे न करता, सर्वांनी एका खोलीत एकत्र वाजवून, अवघ्या पाच दिवसांत ध्वनिमुद्रित झाली. हे ज्यांच्यामुळे जमले, त्यांचीच नावे लेखातून गळावीत?

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो, कारण माझे वडील हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवत असत. त्यांच्या हनुवटीखाली डाव्या बाजूला व्हायोलिन टेकून टेकून काळपट घट्टा पडला होता आणि लहानपणी मला ती जखमच वाटे. तेव्हा चाळीस-पन्नास वादक एकाच दालनात बसत. शेवटच्या ओळीत एकाचा जरी गज चुकला, तरी टेक पुन्हा पहिल्यापासून होई, त्यामुळे दुसऱ्याचे ऐकत वाजवणे हाच या व्यवसायाचा कणा होता. पुढे प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घेण्याची पद्धत रूढ झाली, कीबोर्ड आले आणि वडिलांना बोलावणी येईनाशी झाली. रेडिओवर एखादे जुने गाणे लागले, की निवेदक गायक, गीतकार आणि संगीतकार अशी तीन नावे सांगे. वडील मात्र अंतरा सुरू होण्यापूर्वी बोट वर करून ‘आता ऐक, हे आम्ही’ एवढेच म्हणत. ते ‘आम्ही’ कोण, हे कुठल्याही रेकॉर्डवर मला सापडले नाही.

आपल्याकडे ही उणीव असण्याचे कारणच नाही. दादर-पार्ल्यातल्या कोणत्याही मैफलीच्या जाहिरातीत तबला आणि संवादिनी कोणाची, हे छापलेले असते आणि गायक स्वतः मध्यंतरापूर्वी साथीदारांची ओळख करून देतात. स्प्रिंगस्टीनही मंचावर प्रत्येक वादकाचे नाव घेतात. मग परीक्षणातच ती जागा का नसावी? ज्या गायकाचे नाव वाचकाला आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी अर्धे पान असते. साथीदारांसाठी एक ओळ पुरे.

यापुढील प्रत्येक संगीतविषयक लेखाखाली ती ओळ द्यावी, ही विनंती. या अल्बमपुरती ती मी येथे देतो, कृपया गाळू नये.

साथसंगत : रॉय बिटन (पियानो), मॅक्स वाइनबर्ग (ड्रम), गॅरी टॅलेंट (बेस), स्टीव्हन व्हॅन झँट आणि निल्स लॉफग्रेन (गिटार), चार्ल्स जिओर्डानो (ऑर्गन), पॅटी स्कॅल्फा (स्वरसाथ) आणि क्लॅरेन्स यांचे पुतणे जेक क्लेमन्स (सॅक्सोफोन).

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई