आफ्रोफ्युचरिझम २०१८ ला सुरू झालं नाही हो

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत आफ्रोफ्युचरिझमवर (म्हणजे काळ्या कलावंतांनी गोष्टी-संगीतातून रंगवलेलं भविष्य आणि विज्ञानकल्पना) लेख आला, विषय घेतलात ते भारीच, पण अख्खा लेख 'ब्लॅक पँथर'भोवती फिरत राहिला, जणू २०१८ ला हा पिक्चर आला आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. अहो तोवर या प्रकारातल्या जुन्या संगीतकाराला, सन राला, जाऊन जवळपास २५ वर्षं झाली होती!

हा जाझवाला अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, पण सांगायचा की मी शनी ग्रहावरचा, आणि १९५२ मध्ये त्याने कायदेशीर नावच बदलून घेतलं. येडेपणा वाटेल ऐकायला, पण ज्या गावात तो वाढला तिथे काळ्या माणसाने बसमध्ये कुठे बसायचं हे कायदा ठरवायचा, मग तिथला माणूस मी तुमच्या पृथ्वीचाच नाही म्हणाला तर त्यात नुसती गंमत नाहीये.

आफ्रोफ्युचरिझम हा शब्द मार्क डेरी नावाच्या समीक्षकाचा, १९९० नंतरचा. त्याचा प्रश्न असा की ज्यांचा भूतकाळच पुसून टाकला ते भविष्य कुठून रंगवणार? आणि विचार करा, माणसं उचलायची, जहाजात कोंबून अनोळखी जगात न्यायची, नाव भाषा सगळं काढून घ्यायचं, एलियनच्या गोष्टीत हेच असतं की, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या पूर्वजांच्या बाबतीत ते खरंच घडलं.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या ऑक्टेव्हिया बटलरला तर लेखात एकच ओळ मिळाली. तिच्या १९७९ च्या 'किंड्रेड'मध्ये १९७६ मधली काळी लेखिका अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये जाऊन पडते, टाइम मशीन वगैरे काही नाही, हे कसं होतं ते बाई शेवटपर्यंत सांगतच नाहीत (मला तेच जास्त आवडलं). २०२१ मध्ये नासाने मंगळावर रोव्हर उतरला त्या जागेला तिचं नाव दिलं, हे तरी टाकायचं होतं.

अजून एक, अमेरिकेतलं आणि आफ्रिकेतलं लिखाण तुम्ही एकाच पोत्यात भरलंय. नेडी ओकोराफोर ही नायजेरियन-अमेरिकन लेखिका स्वतःच्या लिखाणाला मुद्दाम आफ्रिकनफ्युचरिझम म्हणते, कारण तिच्या गोष्टींचं केंद्र आफ्रिका आहे, अमेरिका नाही.

लेखात संगीतावर काहीच नाही, सन राचं नावसुद्धा नाही. फंक संगीतवाल्या जॉर्ज क्लिंटनच्या शोमध्ये स्टेजवर चक्क यान उतरायचं, त्याची नंतर बनवलेली प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. पुढचा लेख काढाल तेव्हा 'ब्लॅक पँथर'मधल्या काल्पनिक वाकांडा देशाऐवजी त्या प्रतिकृतीचा फोटो छापा प्लीज.

- एक नेहमीचा वाचक