नैरोबीच्या कांगेमी वस्तीतल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. तुम्ही कुणाच्या दारात थांबता हे गल्लीला कळलं, की त्या घरात कुणाला तरी एचआयव्ही आहे हेही कळतं. म्हणून संस्थेचं नाव छापलेली पिशवीसुद्धा तुम्ही हातात धरत नव्हता. बाजाराची साधी पिशवी, वर सुकुमा विकीच्या पालेभाजीची जुडी, खाली रजिस्टर आणि औषधं. इतकी काळजी घेणाऱ्या बाईचं नाव आभार मानायच्या निमित्ताने मी जाहीर करायचं, हे बरं दिसलं नसतं.

इंग्रजीतलं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलं आहे. हे मराठीत लिहितेय ते आमच्या माणसांसाठी. आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यांच्या कानावर येतात, एखाद्या संस्थापकाचा फोटोही पाहण्यात येतो. पण मेलेल्या बहिणीची मुलं स्वतःच्या मुलांबरोबर वाढवून, वर दुसऱ्यांच्या पोरांच्या गोळ्या मोजायला चिखलातून उतार उतरणारी बाई कुठल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर नसते.

मी नैरोबीला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझ्याकडे बी.फार्म.ची पदवी होती, काम करायचा परवाना नव्हता. एचआयव्ही असलेल्या मुलांना घरीच सांभाळणाऱ्या ‘लेआ टोटो’ या कार्यक्रमाच्या केंद्रावर औषधांच्या नोंदी बघायला मदत कराल का, असं कुणीतरी विचारलं आणि मी हो म्हटलं. टेबलाशी बसून आकडे जुळवायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही म्हणालात, नोंदीत काय असतं, घर बघायला चला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. १९९२ साली अँजेलो डॅगोस्टिनो नावाच्या अमेरिकन जेझुइट फादरांनी सिस्टर मेरी ओवेन्स यांच्या साथीने नैरोबीच्या केरेन भागात ‘न्युम्बानी’ हे बालगृह सुरू केलं. फादर स्वतः डॉक्टर, आधी शल्यचिकित्सक, मग मनोविकारतज्ज्ञ. तेव्हा एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणून सोडून दिलेल्या तान्ह्या बाळांना घ्यायला कुणी तयार नसे. खरं तर त्या वयात आईच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांमुळेच चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. साधारण दीड वर्षाने ते प्रतिपिंड नाहीसे होतात, आणि उपचार न मिळालेल्या आयांच्यासुद्धा निम्म्याहून जास्त बाळांना प्रत्यक्षात लागण झालेली नसते. म्हणजे ज्या कागदामुळे बाळ टाकून दिलं, तो कागदच अनेकदा खोटा ठरायचा.

पण बालगृहात मुलं मावणार किती? कांगेमी, कावांग्वारे, किबेरा, दांडोरा या वस्त्यांमधून आजीकडे, मावशीकडे, कधी आजारी आईकडेच राहणारी मुलं कितीतरी पट होती. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये न्युम्बानीचंच ‘लेआ टोटो’ सुरू झालं. लेकरू वाढवा, इतका साधा त्या नावाचा अर्थ. मूल घरातच राहणार. औषध, पौष्टिक पीठ, समुपदेशन आणि तुमच्यासारखी बाई त्याच्याकडे जाणार.

आता तुमच्याबद्दल.

दाराशी उभं राहून ‘होदी’ म्हणायचं आणि आतून ‘करिबू’ ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत. मबातीच्या, म्हणजे पत्र्याच्या, त्या खोल्यांना दार म्हणजे कधी नुसता पडदा. तुम्ही पडद्यालाही तेवढाच मान द्यायचात. आत गेल्यावर गोळ्यांचं नाव लगेच काढायचं नाही. आधी शोशोचे, म्हणजे आजीचे, गुडघे कसे आहेत, कोळसा किती महागला, कोपऱ्यावरच्या नळाला पाणी कधी आलं. मग सहज, जाता जाता विचारल्यासारखं: बाटली कुठे ठेवली आहे?

त्या एका प्रश्नात काय काय असतं, हे मला चार वर्षांच्या पदवीत कुणी सांगितलं नव्हतं. बाटली उगालीच्या पिठाच्या डब्यात सापडली तर समजायचं, शेजारीण घरात येते-जाते आणि शोशो घाबरते. लेबल खरवडून काढलेलं असेल तर घरातल्याच कुणाला तरी अजून सांगितलेलं नाही. बाटली हाताला लागेल अशी फळीवर उभी असेल तर तुम्ही खुशीत बाहेर यायचात, त्या दिवशी गोळ्या मोजायची गरजही तुम्हाला वाटत नसे. मोजायचात तरीही. मोजणं चुकवलेलं मी पाहिलं नाही.

लहान मुलांच्या औषधाचा पूर्वी मोठा वांधा होता. लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप जीभ आंबवून टाकणारं कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि पोचेपर्यंत गारव्यात ठेवायचं. वस्तीत फ्रिज कुणाकडे? पोरं ओकून टाकायची आणि शोशोला वाटायचं आपल्यालाच पाजता येत नाही. तुम्ही चमचाभर शेंगदाण्याचं बटर आधी चाटवायला लावायचात, म्हणजे जिभेवर थर बसतो. वाचता न येणाऱ्या आज्यांसाठी सिरिंजवर नखपॉलिशची रेघ मारायचात. वेळ घड्याळावर सांगायच्या नाहीत, ‘टीव्हीवर संध्याकाळी सातच्या स्वाहिली बातम्या लागल्या की’ असं सांगायच्यात. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांना शेजारचा भिंतीतून ऐकू यायचाच. पुढे पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राविरची गोळी आली. केनिया ती सुरुवातीला मिळालेल्या देशांपैकी. त्या गोळीचं अख्ख्या वर्षाचं औषध ४० डॉलरच्या आत बसतं. एका पोराने पेला चाटून पुसून दुसरा मागितला तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की शोशोला ठसका लागला.

बाटल्यांवर भारतातल्या कंपन्यांची नावं असायची, बरीचशी मुंबईची. तुम्ही मला म्हणायच्यात, “तुझ्या गावचं औषध.” माझं गाव मिरज, पण ते असो. या औषधांमागे एक गोष्ट आहे ती मराठी वाचकांना माहीत असायला हवी. २००० च्या आसपास तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने तेच औषध स्वयंसेवी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने, देऊ केलं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, म्हणून हे शक्य झालं. त्याच सुमाराला फादर डॅगोस्टिनोंनी जाहीर करून टाकलं की न्युम्बानीच्या मुलांसाठी आम्ही भारतातून स्वस्त औषधं आणणार, पेटंटवाल्यांना काय करायचं ते करू दे. जूनमध्ये केनियाच्या संसदेने अशा आयातीला वाट करून देणारा कायदा मंजूर केला.

मला हा इतिहास अभिमानाने सांगायची सवय आहे. तुम्ही तो ऐकून घेतलात आणि विचारलंत, “मग शोशोने बाटली पिठात लपवली, तर ती कुणी बाहेर काढायची?” त्या दिवसानंतर मी तो किस्सा थोडा आखडता सांगते.

शाळांचंही तसंच. २००३ मध्ये केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं, पण नैरोबीच्या सरकारी शाळा न्युम्बानीच्या मुलांना घेत नव्हत्या. संस्था कोर्टात गेली आणि २००४ च्या जानेवारीत सरकारने या मुलांना प्रवेश द्यायचं कबूल केलं. वर्तमानपत्रांनी ते छापलं. वर्गात बाकावर शेजारी बसायला कुणी तयार आहे का, डबा वाटून खातं का, हे कोर्ट बघत नाही. ते बघायला तुम्ही शाळेच्या फाटकाशी मंदाझी विकणाऱ्या बाईशी मैत्री केली होतीत. तिच्याकडून तुम्हाला रोजच्या बातम्या मिळायच्या.

आणि मुलाला सांगणं. रोज गोळी का खायची हे कळायच्या वयात आलेल्या पोराला त्याच्या आजाराचं नाव सांगायचं, हे तुमचं सगळ्यात अवघड काम, आणि मी पाहिलेलं सगळ्यात सुंदरही. एका बैठकीत तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. आधी नुसते अंगातले शिपाई. मग ते शिपाई कमी का झाले. मग एक चोर, त्याला झोपवून ठेवणारी गोळी, आणि गोळी चुकली की चोर जागा होतो. महिना दोन महिने गेले की पोरगं स्वतःच विचारायचं, त्या चोराचं नाव काय? तेव्हाच, आणि शोशो शेजारी बसलेली असतानाच, नाव सांगायचं. त्यानंतर पहिला प्रश्न बहुतेकदा आईबद्दल असायचा. तिलाही होता का? तिने मला दिला का? तुम्ही उत्तर द्यायला घाई करत नव्हता. शोशोला बोलू द्यायचात. मी वहीत मान घालून बसायचे.

कितुईचं न्युम्बानी गाव तुम्ही मला आग्रहाने बघायला पाठवलंत. नैरोबीहून पूर्वेला, कांबा लोकांच्या कोरड्या मुलखात, हजार एकरांवर आजी-आजोबा आणि पोरकी मुलं एकत्र घरं करून राहतात. एकेका सूसूकडे, म्हणजे आजीकडे, तिची स्वतःची नातवंडं आणि परकी मुलं मिळून दहाच्या आसपास. वाळूचे बंधारे, मुकाऊची झाडं, सायसलच्या विणलेल्या टोपल्या. मला ते फार आवडलं. परत आल्यावर तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, छान आहेच, पण माझी शोशो कांगेमी सोडून तिकडे गेली तर तिच्या चामाचं काय? चामा म्हणजे बायकांची भिशी, दर आठवड्याला प्रत्येकीने टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने उचलायचे. शाळेची फी, गणवेश, कुणाच्या मयताचा खर्च, सगळं त्यावर. सरकार पोरक्या मुलांच्या घरांना महिन्याला २,००० शिलिंग देतं, बऱ्याचदा दोन-दोन महिन्यांचे एकदम, आणि ते वेळेवर येतील तर शपथ. चामा मात्र चुकत नाही. तुमचं म्हणणं मला पटलं. ज्या मुलाला खरंच कुणीच उरलेलं नाही त्याला असं गाव हवं, बालगृहही हवं. पण पोरकी म्हणवली जाणारी बहुतेक मुलं तशी नसतात. एक तरी पालक, नाहीतर कुणी नातेवाईक असतोच, आणि त्यांना कमी पडतात ते पैसे. केनियाने २०१७ मध्ये नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं आणि २०२२ पासून मुलांना संस्थांमधून कुटुंबात आणायचं दहा वर्षांचं धोरण आखलं, ते याच विचारातून. तुम्ही हे १९९८ पासून चाललेल्या कामात रोज करत होतात, धोरण हा शब्द न उच्चारता.

आमच्या लोकांना मुलाच्या वाढदिवसाला अनाथाश्रमात केक नेण्याची भारी हौस. नैरोबीतही ती सुटत नाही. मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी तुमचा सल्ला पुढे केला: केक नको, एका घराचं सहा महिन्यांचं भाडं भरा आणि फोटो काढू नका. दोघी तयार झाल्या, बाकीच्यांनी विषय बदलला. दोघीही पुष्कळ आहेत, असं तुम्ही म्हणालात.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. या कामातला मोठा पैसा तिकडच्या पेपफार या एड्सविरोधी निधीतूनच यायचा. तेव्हा तुम्हाला फोन केला. तुमच्या मानधनाचं काय होणार हे मी विचारलं, तुम्ही साठा किती आठवड्यांचा आहे ते सांगितलंत. मग म्हणालात, ठेवते, ‘होदी’ म्हणून दाराशी उभी आहे.

मी आता मिरजेत आहे. आमच्याकडेही आई-वडील गेलेली, आजीकडे वाढणारी मुलं आहेत, त्यातली काही गोळ्यांवर. इथे महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाइड, मुलाच्या नावाचं बँक खातं, एवढं गोळा करता करता आज्या थकून जातात आणि फॉर्म तसाच ट्रंकेत राहतो. मी त्यांच्याबरोबर तहसीलला जाते, बँकेत जाते. घरी गेल्यावर आधी गुडघ्यांचं विचारते. बाटली कुठे ठेवली आहे, हे सगळ्यात शेवटी. एका आजीने ती देव्हाऱ्यामागे ठेवली होती. त्याचा अर्थ लावायला मला तुमची फार आठवण आली.

यासाठी आभार. मला टेबलावरून उठवलंत म्हणून, दारात थांबायला शिकवलंत म्हणून, आणि मी सिप्लाची गोष्ट सांगत असताना मध्येच तो प्रश्न विचारलात म्हणूनही.

आता एक काम आहे. याच आजीचा नातू दहा वर्षांचा झाला. शिपाई झाले, चोर झाला, पण तो नाव विचारत नाही. बहुतेक त्याला कळलं आहे आणि आजीला वाईट वाटेल म्हणून तो गप्प आहे. आजीही त्याच्यासाठी गप्प. अशा घरात तुम्ही आधी कुणाशी बोलायच्यात? सवडीने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तुमचं स्वाहिली मिसळलेलं इंग्रजी मला अजून समजतं.

तुमची,
मिरजेची फार्मासिस्ट