मालिका किती भागांची, ते आधी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मनोरंजन पानावर नव्या मालिकांच्या बातम्या भरपूर येतात. नायिकेची साडी कुठली, सेटवर केक कोणी कापला, नायक खऱ्या आयुष्यात काय खातो, सगळं कळतं. मालिका किती भागांची आहे, एक भाग किती मिनिटांचा, पटकथा कोणाची, संवाद कोणाचे, कोणत्या वयाच्या मुलांसोबत पाहता येईल, हे मात्र शोधूनही सापडत नाही. उन्हाळ्यात नेमकी हीच माहिती लागते, म्हणून हे पत्र.

हिशेब साधा आहे. इंदुरातल्या शाळांची सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहा आठवडे. रोजची मालिका आठवड्यातून 6 दिवस लागते. सहा आठवड्यांत 36 भाग झाले. जाहिरातींवर तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या तासातून 24 मिनिटं उरली. त्यातून शीर्षकगीत, 'मागील भागात' आणि 'पुढील भागात' वजा केलं की हाती 20-22 मिनिटं लागतात. 36 गुणिले 22, म्हणजे तेरा तासांच्या आसपास. एवढ्या वेळात रोजच्या मालिकेत साखरपुड्याची अंगठी हरवते, सापडते आणि पुन्हा हरवते. हळद लागेपर्यंत शाळा उघडलेल्या असतात. त्याच तेरा तासांत आठ-आठ भागांच्या दोन मालिका पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत बघून होतात, वर थोडा वेळ उरतो.

रोजच्या मालिका वाईटच असतात असं म्हणायचं नाही. त्यांची बनावट वेगळी असते, इतकंच. चित्रीकरण झालेले भाग थोडेच शिल्लक असतात. त्या धंद्यात अशा तयार भागांच्या साठ्याला 'बँक' म्हणतात. दुसरीकडे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी 'बार्क' ही संस्था शनिवार ते शुक्रवार असा आठवडा मोजते आणि गुरुवारी आकडे देते. आकडा घसरला की बँक संपता संपता कथेचा ट्रॅक बदलतो. लीप येतो (कथा एकदम काही वर्षं पुढे जाते), कोणाची तरी स्मृती जाते, दोन मालिकांचा महासंगम होतो, रविवारी महाएपिसोड लागतो. लेखकाने शेवट ठरवलेलाच नसतो, कारण शेवट कधी हे त्याच्या हातात नसतं. 'चार दिवस सासूचे' नाव घेऊन आलेली मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली, हे मराठी प्रेक्षक विसरलेला नाही.

या आकड्यांबद्दल आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठी वाहिन्यांची जी क्रमवारी बातम्यांत येते, ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजाराची असते. इंदुरातल्या सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात घरोघरी एखादी मालिका लागत असली, तरी त्या क्रमवारीत तिची गणती नाही. शिवाय हा आकडा किती लोकांनी किती वेळ टीव्ही लावून ठेवला ते सांगतो. पोळ्या लाटताना लावून ठेवलेली मालिकाही त्यात आलीच. 'टीआरपीत अव्वल' हा मथळा वाचून उन्हाळ्यासाठी मालिका निवडू नये.

मग निवडायची कशी? प्रोमोवरून तर नाहीच. प्रोमोचा तुकडा वेगळा चित्रित केलेला असू शकतो, मालिकेत तो त्या रूपात येईलच असं नाही. श्रेयनामावली थांबवून वाचा. कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावं वेगळी असतात. संवादलेखक नाटकातून आलेला असेल तर पात्रं एकमेकांचं ऐकून बोलतात, कॅमेऱ्याकडे तोंड करून घोषणा करत नाहीत. इंदुरातल्या 'सानंद' या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नियमित जाणाऱ्यांना ही नावं ओळखीची असतात, तो फायदा घ्यावा.

दुसरं, पहिला भाग, सहावा भाग आणि बारावा भाग, एवढेच पाहा. पहिल्या भागावर पैसा आणि मेहनत दोन्ही जास्त पडलेली असते, त्यावर विश्वास टाकू नये. सहाव्यात आठवडा संपतो, तिथे धक्का देण्याची पद्धत कळते. बाराव्यापर्यंत पहिल्या भागातला प्रश्न एक पाऊल तरी पुढे सरकला का, ते घड्याळ लावून बघा. एक ओळखीचं दृश्य घ्या. सून चहाचा ट्रे घेऊन येते, दाराआडून काहीतरी ऐकते, कप खळकन पडतो. मग सासूचा चेहरा, दिराचा चेहरा, जावेचा चेहरा, प्रत्येकी तीनदा, ढणढण संगीतासकट. यात सहज दोन मिनिटं जातात. शेवटी तुकडे गोळा करायला कोणी वाकत नाही आणि फरशीवर चहाचा थेंबही नसतो, कारण कप रिकामाच होता. अशी दोन दृश्यं एकाच भागात सापडली तर पुढचे भाग बघायची गरज नाही. याउलट स्वयंपाकघरात गॅस खरंच पेटलेला दिसला, पात्रांच्या नोकरीला नाव आणि वेळ असली, घरखर्चाचा आकडा कोणाच्या तोंडी आला, तर लिहिणाऱ्याने घर पाहिलेलं आहे असं धरून चालावं.

तिसरी गोष्ट खास आपल्या घरांसाठी, जिथे हिंदी आणि मराठी दोन्ही चालतं. बऱ्याच मराठी मालिका बंगाली किंवा दक्षिणेतल्या मालिकांवरून घेतलेल्या असतात. 'आई कुठे काय करते' ही मूळ बंगाली 'श्रीमयी'; तिचंच हिंदी रूप 'अनुपमा'. हे आधी कळलं नाही तर आजी दुपारी एका भाषेत आणि सूनबाई रात्री दुसऱ्या भाषेत एकच गोष्ट बघतात, आणि पुढे काय होणार यावर जेवताना वाद घालतात. नव्या मालिकेच्या बातमीत 'मूळ कोणती' ही एक ओळ छापायला कितीशी जागा लागते?

आता बघायची सोय. मध्य प्रदेशात केबलवाला किंवा डीटीएच कंपनी जो हिंदी पॅक देते, त्यात मराठी मनोरंजन वाहिन्या असतीलच असं नाही. त्या वेगळ्या मागाव्या लागतात. 999 क्रमांकाच्या वाहिनीवर प्रत्येक वाहिनीचा दर दिसतो. तो पाहूनच मागणी करावी. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीचा दर 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, वर 18 टक्के जीएसटी. फसगत होते ती अशी की एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्या जोडल्या जातात आणि पैसे दोन्हींचे जातात. 'फक्त साधी द्या' किंवा 'फक्त एचडी द्या' असं स्पष्ट सांगा आणि पुढच्या रिचार्जला यादी तपासा. दोन मालिकांसाठी सगळा मराठी पॅक घ्यायची गरज नसते, पण चार वाहिन्या हव्या असतील तर पॅकच स्वस्त पडतो. दोन्ही बेरजा करून बघाव्यात.

दूरदर्शनच्या फ्री डिशवाल्यांना मासिक भाडं नाही आणि सह्याद्री मिळतेच. मात्र तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि नवी यादी 1 एप्रिलपासून लागू होते. मार्चपर्यंत दिसणारी मराठी वाहिनी एप्रिलात गायब झाली तर सेट-टॉप बॉक्स बिघडलेला नसतो. आधी मेन्यूत जाऊन पुन्हा ऑटो स्कॅन करावं. तरीही काही वाहिन्या दिसत नसतील तर बॉक्स जुन्या एमपेग-2 तंत्राचा आहे का ते पाहावं, नव्या एमपेग-4 तंत्रातल्या वाहिन्या त्याला पकडता येत नाहीत. मे-जूनमधल्या आंधीने छतावरची डिशची छत्री बोटभर जरी हलली तरी चित्र फुटतं. आणि बॉक्स काचेच्या शोकेसमध्ये कोंडून ठेवला असेल, त्यावर क्रोशाचा रुमालही असेल, तर 42 अंशांच्या दुपारी तो तापून अडकणारच. बाहेर काढा, भोकं मोकळी ठेवा.

संध्याकाळी 7:30 वाजता आयपीएलचा सामना सुरू होतो आणि मराठी मालिकांचा मुख्य वेळही तोच. घरात टीव्ही एक असेल तर भांडण नको; रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, बाहेर लू (उन्हाळी गरम वारा) चालू असतानाची तीच वेळ बरी. वाहिनीच्या ॲपवरही तो भाग मिळतो.

ॲपची वर्गणी घेताना वर्षाची घेऊ नये, सुट्टीपुरती एका महिन्याची पुरते. पैसे भरताना अनेकदा यूपीआय ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापायची परवानगी (मँडेट), सुरू होतो, म्हणून त्याच दिवशी पेमेंटच्या ॲपमध्ये जाऊन तो रद्द करावा; भरलेला महिना संपेपर्यंत मालिका दिसत राहतात. हे विसरलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापण्याआधी 24 तास तसा संदेश येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. मोबाइलच्या डेटावर पाहणाऱ्यांनी चित्राचा दर्जा 480p वर ठेवावा. एचडीत तासाला दोन-तीन जीबी सहज उडतात आणि रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये तासाभराचा एक भागही पुरा होत नाही. रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवणं सोयीचं, पण बऱ्याच ॲपवर एकदा भाग सुरू केला की 48 तासांत तो संपवावा लागतो.

मुलं घरी असतात, तेव्हा ॲपवर मालिका सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात येणारं वयाचं मानांकन वाचावं: यू (सर्वांसाठी), यूए 7+, 13+, 16+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी). शेजारी कारणही लिहिलेलं असतं, हिंसा की शिवराळ भाषा. 13+ पासून वरच्या मालिकांना कुलूप लावायची सोय केंद्र सरकारच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ॲपला द्यावीच लागते. सेटिंगमध्ये चार आकडी पिन टाकला की झालं.

नावं घ्यायचीच तर काही घेऊ. 'मानवत मर्डर्स' (2024, सोनी लिव्ह) 8 भागांची आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खूनसत्राचा तपास, आणि तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. तपासाची पायरी न् पायरी दिसते, घाई नाही. मुलं झोपल्यावरच पाहावी. 'आणि काय हवं' (2019 पासून, तीन हंगाम) म्हणजे प्रिया बापट, उमेश कामत आणि एक घर, एवढंच. भाग छोटे, कोणी कोणाविरुद्ध कट करत नाही. हिंदीत 'गुल्लक'च्या 2019 ते 2024 मधल्या चार हंगामांचे प्रत्येकी 5 असे 20 भाग होतात. 'पंचायत'चे 2020 ते 2025 मधले चार हंगाम प्रत्येकी 8 भागांचे. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावाची, पण चित्रीकरण आपल्याच राज्यातल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं आहे, हे कळल्यावर पाण्याची टाकी जरा वेगळ्या नजरेने बघितली जाते. जुन्या दूरदर्शन मालिकांची आवड असेल तर प्रसार भारतीच्या 'वेव्हज' ॲपवर शोधावं.

एक कुरबुर राहिलीच. मराठी वेब मालिकांना उपशीर्षकं बहुधा इंग्रजीच असतात. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या इथल्या नातवंडांना मराठी कळतं, पण इंग्रजी उपशीर्षकं वाचताना ती अडखळतात. देवनागरीत मराठी उपशीर्षकं असती तर मालवणी आणि कोल्हापुरी बोलीतले संवादही त्यांना लागले असते. ते निर्मात्यांच्या हाती आहे.

आपल्या हाती आहे ते हे: मे आणि जूनच्या प्रत्येक शुक्रवारी मनोरंजन पानावर चार ओळींची चौकट. पहिल्या ओळीत मालिकेचं नाव, वाहिनी किंवा ॲप आणि भाषा. दुसरीत भागांची संख्या आणि एका भागाची मिनिटं; संख्या ठरलेली नसेल तर 'ठरलेली नाही' असं स्वच्छ छापावं. तिसरीत कथा, पटकथा, संवाद कोणाचे आणि मूळ दुसऱ्या भाषेत असेल तर ते. चौथीत वयाचं मानांकन. केकच्या फोटोची जागा यासाठी पुरेल.

आपले नम्र,
रामबाग परिसरातील काही वाचक, इंदूर