उजळणारा काठ आणि ३१ अंशांचा अभ्रा

महोदय,
स. न. वि. वि.

अंधारात उजळणाऱ्या चादरी आणि हाताच्या उबेने रंग बदलणारे उशांचे अभ्रे घरबसल्या मागवता येऊ लागल्यापासून, असे कापड आपल्या बेळगावातील वडगाव, शहापूर, खासबागेतील मागांवर का होऊ नये, असे तरुण मागवाले विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु बाहेरचे नमुने जसेच्या तसे उचलले, तर ते आपल्या हवेत आणि आपल्या घरांत टिकणार नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

उजळणाऱ्या कापडात आज मुख्यतः युरोपियम आणि डिस्प्रोसियम या धातूंची किंचित जोड दिलेली स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नावाची भुकटी असते. १९९० च्या दशकात जपानमधून पुढे आलेल्या या भुकटीने जुन्या झिंक सल्फाइडला मागे टाकले. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे जुन्या घड्याळांच्या काट्यांवरील रेडियमची धास्ती येथे गैरलागू आहे. ती प्रकाश साठवते आणि हिरवट उजेडाच्या रूपाने परत देते. सुरुवातीला तेज झपाट्याने उतरते, नंतर कित्येक तास मंद उजेड उरतो. कारागिराची खरी अडचण कणांची आहे. कण मोठे ठेवले तर उजेड चांगला पडतो, पण छपाईची जाळी तुंबते आणि कापड खरखरीत होते. बारीक केले तर स्पर्श सुधारतो, तेज मात्र घटते. लोखंडी पात्याने घोटल्यास हे कठीण कण धातू खरवडतात आणि भुकटी काळवंडते. पाण्याशीही तिचे जमत नाही, म्हणून संरक्षक लेप दिलेलीच घ्यावी.

सबंध चादर उजळवण्याचा हव्यास मला व्यर्थ वाटतो, कारण घडी घालून ट्रंकेत ठेवलेले किंवा अंगाखाली दबलेले कापड प्रकाश घेतच नाही. (झोपायच्या खोलीत उजेड हवा कुणाला, हा प्रश्न वेगळाच.) उपयोग आहे तो काठाचा. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात वीज गेली, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उंबरा, जिन्याची पायरी आणि मोरीचे दार सापडले पाहिजे. त्यासाठी दाराच्या पडद्याचा खालचा काठ आणि पायपुसण्याची किनार एवढेच उजळले तरी पुरे, आणि या जागा संध्याकाळभर दिव्याखाली उघड्याच असतात. छपाईपेक्षा, ही भुकटी धाग्यातच मिसळलेले पॉलिएस्टर सूत काठात घेणे अधिक टिकाऊ ठरेल, आणि काठाचे काम आपल्या विणकरांना कुणी शिकवावे लागत नाही.

उबेने रंग बदलणारे कापड याहून नाजूक असते. त्यात रंगद्रव्य, सौम्य आम्ल आणि मेणासारखा वितळणारा पदार्थ हे तिन्ही अतिसूक्ष्म कुप्यांत बंद असतात. मेण घट्ट असेपर्यंत रंग दिसतो, ते वितळले की जातो. सर्रास मिळणारी भुकटी सुमारे ३१ अंश सेल्सिअसला बदलते. थंड देशात हे ठीक आहे. बेळगावात मात्र एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३५ च्या आसपास जातो आणि अथणीकडे त्याहूनही वर, म्हणजे अभ्रा कुणी हात न लावताच दुपारभर रंग हरवून बसणार. त्यापेक्षा ४५ अंशांच्या आसपास बदलणारी भुकटी घेऊन गरम पातेल्याखालचे फडके करावे. भांडे अजून तापलेले आहे, हे लहान मुलालाही रंगावरून कळेल. १९९१ साली अमेरिकेत रंग बदलणाऱ्या शर्टांची लाट आली होती, पण गरम धुलाईत त्यांचा गुण नाहीसा होई. आपल्याकडे कपडे गच्चीवर कडक उन्हात वाळतात, आणि ऊन तर या रंगांचा मोठा शत्रू. काही भुकट्यांत बिस्फेनॉल-ए हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे रसायन असते, म्हणून तान्ह्या मुलांच्या अंथरुणासाठी हे कापड मुळीच वापरू नये, असे माझे मत आहे.

उत्पादकांना आणि दुकानदारांना एवढीच विनंती, की थंड पाण्यात धुवावे, सावलीत वाळवावे, छपाईवर इस्त्री फिरवू नये आणि उजेड किती वेळ राहतो, ही माहिती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत कापडाला शिवलेल्या पट्टीवर छापावी, आणि ‘रात्रभर लख्ख उजळते’ असे सांगून माल खपवू नये.

आपला,
एक यंत्रमागधारक,
वडगाव, बेळगाव