आवाज घेता, तर परतही द्या

संपादक महोदय,
स.न.

फोनवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून इतरांना ऐकवण्याची सोय देणाऱ्या ॲपची ओळख आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत अधूनमधून येते. ॲप फुकट आहे का, किती मिनिटं बोलता येतं, ऐकणाऱ्याला उत्तर देता येतं का, हे सगळं त्यात असतं. उद्या ती सेवा बंद पडली तर आपलं बोलणं आपल्या हाती कसं येणार, हे मात्र नसतं.

मी जन्मापासून अंध आहे. आपला अंक फोनच मला वाचून दाखवतो. काही वर्षांपूर्वी एक सेवा होती: ठरावीक क्रमांक लावायचा, बीप वाजला की बोलायचं, फोन ठेवला की ते बोलणं इंटरनेटवर. साधा फोनसुद्धा चालायचा. आम्ही काही मैत्रिणी तिथे मनसोक्त बोललो. नोकरीतले अनुभव, ऐकलेल्या पुस्तकांवरून भांडणं, एकीने आजारपणात रोज थोडं थोडं सांगितलेलं. ती मैत्रीण आता नाही.

मग त्या सेवेच्या कंपनीचा ईमेल आला : सेवा बंद होत आहे, अमुक तारखेपर्यंत आपलं उतरवून घ्या. सगळं एकत्र उतरवायची सोय नव्हती. एकेक ध्वनिफीत उघडायची, आणि उतरवण्याच्या बटणाला नावच दिलेलं नाही, त्यामुळे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहायचा. बटणाला वाचता येईल असं नाव देणं ही डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतली अगदी खालच्या, ‘ए’ पातळीवरची अट आहे. शेवटी भाचीने बसून जमेल तेवढं उतरवलं. उरलेलं मुदतीबरोबर गेलं. जे मिळालं त्याला ना तारीख ना शीर्षक, नुसते आकडे. मैत्रिणीचं कुठलं बोलणं आधीचं आणि कुठलं शेवटचं, हे आता तिचा श्वास किती लागतोय त्यावरून ठरवावं लागतं.

अशा सेवा फार टिकत नाहीत. 2005 च्या सुमाराची ओडिओ ही ध्वनिसेवा घ्या. तिच्याच कंपनीत 2006 मध्ये ट्विटर जन्मलं आणि ओडिओ मागे पडली. 2019 मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाने कबूल केलं, की सर्व्हर बदलताना लोकांनी अनेक वर्षं चढवलेला ध्वनिसंग्रह नष्ट झाला. कंपनीने धंदा बदलावा, बंद करावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लोकांचे आवाज साठवायला जागा महाग पडते, असं कारण कुणी दिलं तर ते मला पटत नाही. 128 केबीपीएस दर्जाच्या एमपी3 फाइलमध्ये एक मिनिटाचं बोलणं जेमतेम 1 एमबी होतं. सगळ्या फाइली तारीख-शीर्षकासह एका गठ्ठ्यात बांधून देणं हे काही अवघड काम नव्हे. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या 20 व्या कलमाने, आपण स्वतः दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा हक्क लोकांना दिलाच आहे. सामान्य लोकांच्या मुलाखती नोंदवणाऱ्या स्टोरीकॉर्प्स या अमेरिकी संस्थेने तर आणखी पुढे जाऊन, ॲपवर नोंदवलेल्या मुलाखती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपण्याची व्यवस्था केली.

आणि या सेवांची गरज संपलेली नाही, उलट फार मोठी आहे. जानेवारी 2011 मध्ये इजिप्तमध्ये इंटरनेट तोडलं गेलं, तेव्हा गूगल आणि ट्विटरच्या मंडळींनी काही फोन क्रमांक जाहीर केले. लोक तिथे बोलून ठेवत आणि ते बोलणं जगाला ट्विटरवरून ऐकता येई. लिहिता न येणाऱ्याला, स्क्रीन न दिसणाऱ्याला आपलं म्हणणं स्वतःच्या आवाजात मांडण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत अशा कुठल्याही ॲपबद्दल लिहिताना आपल्या प्रतिनिधीने चार-दोन ध्वनिफिती स्वतः चढवून त्या सगळ्या एकदम उतरवून पाहाव्यात, तेही डोळे मिटून, स्क्रीन रीडर चालू ठेवून. जमलं की नाही, एवढं एका ओळीत छापावं. नाही जमलं तर ते ॲपच्या नावासकट छापावं.

आपली,
एक नियमित वाचक