धाब्याचं छत बदलू द्या : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना लोणारहून खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी लोणारचा, जिल्हा बुलडाणा. आमचं सरोवर तुम्हाला माहीत असंलच, २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा दिल्लीपर्यंतचे चॅनलवाले आमच्याच गावावर बोलून राहिले होते, त्याच साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही नाव लागलं. पण हे पत्र सरोवरासाठी नाही, घराच्या छतासाठी आहे. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, केंद्राचं संरक्षित स्मारक, आणि त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर. ते धाबं आता उतरवल्याशिवाय इलाज नाही.

धाबं काय असते ते जरा सांगतो, कारण फाईलवर ‘छत’ लिहिलं की साहेब लोकांच्या डोळ्यासमोर स्लॅबच येते. सागाच्या नाहीतर कडुनिंबाच्या खांबावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्यांचे पातळ तुकडे, मग तुराट्या किंवा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात खाली असं थंड राहते की कूलरची गरज नाही, हे मी घराचं कौतुक म्हणून नाही सांगत, खरंच तसं आहे. पण दर साली मृगाच्या आधी वर चढून नवी माती टाका, तुडवा, उंदरांनी पाडलेली बिळं बुजवा, पन्हाळी मोकळ्या करा, एवढं केलं तरच पावसाळा निघते. हे काम जाणणारी माणसं आता राहिली नाहीत, जी आहेत ती गुडघे धरून बसली आहेत आणि त्यांची पोरं पुण्याला. आणि ही पांढरी माती येते कुठून? तर जुन्या पांढरीतून, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेतून, गढीच्या टेकाडातून, जिथं खणलं की खापरं निघतात. म्हणजे जुनं घर जसंच्या तसं राखायचं तर दुसरीकडचा जुना इतिहास फावड्यानं उकरायचा, हे तुमच्या खात्याला तरी चालंल का?

आमच्या मधल्या खोलीतली तुळई वाळवीनं आतून खाल्ली आहे. वरून चांगली दिसते, बोटानं दाबली की भुगा पडते. तिच्याखाली लोखंडी पाइपाचा टेकू दिला आहे आणि आमची माय त्या पाइपाला बाजाराची पिशवी अडकवते. मी बोललो तर म्हणते, लागला आहे तर कामी येऊ दे. वर मातीचं किती वजन असंल सांगता येत नाही पण ओली झाली की ते दुप्पट वाटते, पावसाच्या रात्री आम्ही सगळे बाहेरच्या ओसरीत झोपतो.

मागणी काय आहे तर माती उतरवायची, सडकी लाकडं बदलायची आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, नाहीतर टिनं टाकायची, उंची आहे तेवढीच. माडी नको, स्लॅब नको. आता यावर गावात विचारायला गेलं की जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक म्हणते ही दुरुस्ती आहे, अर्ज करा, दुसरा म्हणते पूर्ण छत काढलं तर ते पुनर्बांधकाम झालं, त्याला बंदी, तिसरा हळूच म्हणते रात्रीतून टाकून घ्या, कोण पाहते. हा तिसरा सल्ला ऐकणारे आहेत आणि त्यांची घरं कोरडी आहेत. आम्ही कागद करणारे तेवढे टेकूखाली बसून राहिलो.

मी प्राचीन स्मारकांचा कायदा वाचला. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढं २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधायचं. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाही, पुनर्बांधकाम नाही, पण १६ जून १९९२ च्या आधीचं घर असंल तर दुरुस्ती-नूतनीकरणासाठी अर्ज करता येते. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जाची मुदतही दिली आहे, सक्षम अधिकाऱ्यानं १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडं पाठवायचा, प्राधिकरणाला दोन महिने, मग निर्णय कळवायला आणखी एक महिना. सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने. मार्चच्या सुरुवातीला, रबीचा पैसा हातात आला की अर्ज केला तर कागद येणार जूनच्या मध्यात, म्हणजे पाऊस दारात आणि सुतार पेरणीला.

शंभर मीटरचा नियमच उडवा असं मी म्हणत नाही, उलट तो नसता तर देवळाला खेटून चार मजली लॉज उभे राहिले असते आणि ते कोणाचे असते हेही गावाला माहीत आहे. पण लॉज आणि कवेलू एकाच लायनीत उभे करू नका राजेहो.

माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे, त्याच्या ओळखीच्या एकानं नॅन्टकेटमधल्या घराचं छत बदललं. हे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडं समुद्रातलं बेट, व्हेलच्या तेलाच्या धंद्यावर वाढलेलं जुनं गाव, सीडरच्या लाकडी फळकुटांनी मढवलेली आणि खाऱ्या हवेनं करडी पडलेली घरं. तिथं १९५५ पासून ऐतिहासिक वस्तीचं कमिशन आहे, बाहेरून दिसणारा बदल करायचा तर छताचं मटेरियल, रंग सगळं दाखवून मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे नियम काही ढिला नाही, लोक वैतागतातही म्हणे. फरक एवढाच की कमिशनवर बेटावरच्याच लोकांनी निवडून दिलेली माणसं बसतात, त्यांना घर दाखवायला दिल्लीची फाईल लागत नाही आणि काय चालंल काय नाही ते आधीच लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडंही प्रत्येक स्मारकासाठी वेगळे हेरिटेज उपनियम करायची तरतूद त्याच कायद्यात आहे. देशात साडेतीन हजारांवर स्मारकं, तर सगळ्यांना एक माप लागू होणार नाही हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं. मग लोणारच्या उपनियमात धाब्याबद्दल स्पष्ट लिहा, की १९९२ च्या आधीचं घर, लांबी-रुंदी-उंची तीच, मातीच्या जागी हलकं छत, तर ती दुरुस्ती. टिनाला कोणता रंग चालंल, कवेलू देशी की इंग्रजी, पाण्याचा उतार कोणत्या बाजूला, तेही ठरवून द्या, आम्ही पाळू. अशा अर्जांचा निकाल मे महिना संपायच्या आत जिल्ह्यातच लागू द्या. आणि हे सगळं मराठीत एका पानावर नगरपरिषदेच्या बोर्डावर लावा, कारण सध्या कायदा वाचायला मला पोराचा मोबाईल आणि त्याची मेहरबानी लागते.

चारही बाजूंचे फोटो, टेपनं घेतलेली मापं, आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, सगळं एका फाईलीत लावून ठेवलं आहे. आपला माणूस कधीही पाठवा, फक्त आत आल्यावर मधल्या खोलीत पाइपाला धक्का लागू देऊ नका म्हणावं.

आपला,
लोणारचा एक घरमालक